समुद्रतळाशी फुटलेली नळी

लोहगडवाडीचा सुहास ओव्हाळ पाइप टाकणाऱ्या जहाजावर वेल्डर होता. आयटीआय करून आधी चाकणला लागला, तिथून मुंबईच्या एजंटामार्फत पार उत्तरेकडच्या थंड समुद्रात पोचला. जहाजावर पाइपाला पाइप जोडायचा आणि लांबच लांब नळी हळूहळू पाण्यात सोडत जायची. पुढं तिच्यातून गॅस जायचा. सुट्टीवर आला की तो हे सगळं आईला सांगायचा. चिमाबाईला त्यातलं एवढंच उमगलं होतं, की पोराचं काम समुद्राच्या तळाशी जाऊन पडतं आणि पुन्हा कुणाला दिसत नाही.

तो घरी असतानाच बातमी आली. तळाशी स्फोट होऊन नळी फुटली होती. टीव्हीवर समुद्राचा एक भलामोठा गोल उकळल्यासारखा खदखदत होता. कुणीतरी मुद्दाम केलं होतं, एवढं सगळे मान्य करत होते. कुणी केलं म्हटलं की हा देश त्या देशाकडं बोट दाखवायचा, तो तिसऱ्याकडं. सुहासला जेवण गेलं नाही.

गडाखालच्या हॉटेलात गावातल्या दत्तोबानं विचारलं, "तू तितंच हुतास ना रं? कुणी फोडली मग?"

"मला काय ठाऊक, भाऊ. आमी जोडायला हुतो."

सगळे हसले. सुहासला हसू आलं नाही. कंपनीचं पुढचं काम रद्द झालं होतं आणि परत बोलावणं येईल अशी चिन्हं नव्हती.

पावसाळा सरल्यावर नळीच्या तपासासाठी पुण्याहून साध्या कपड्यातले दोन पोलीस आले. ओट्यावर बसून त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले. एका फोटोवर सुहासचं बोट थांबलं.

"हा टोमास. आमच्या जहाजावरचा पाणबुड्या."

"नळीबद्दल कधी काही बोलला होता?"

सुहासला आठवलं. एकदा डेकवर टोमास म्हणाला होता, 'ही नळी फार दिवस टिकायची नाही.' तेव्हा सुहासला वाटलं होतं, गंजाबद्दल बोलतोय. त्यानं ते वाक्य होतं तसं सांगितलं. साहेबांनी ते टिपून घेतलं, चहा घेतला आणि गेले.

वर्षभरानं जहाजावरच्या एका जुन्या सोबत्याचा फोन आला. टोमासला पकडलं होतं. पुरावा सापडला नाही म्हणून सोडलं, पण त्याचं नाव पेपरात येऊन गेलेलं. मग कुठल्याच जहाजानं त्याला घेतलं नाही. बायको मुलांना घेऊन निघून गेली. आता तो कुठं आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं. सुहासनं त्याचा नंबर लावून पाहिला. बंद होता.

"त्यानंच केलं असेल का?" सुहासच्या बायकोनं, मानसीनं, विचारलं.

"न्हाई सांगता येत." सुहास तिच्याकडं न बघता म्हणाला.

चिमाबाई दारात तांदूळ निवडत होती. "तू खरं तेच सांगितलंस न्हवं?"

"व्हय."

"मग जिवाला कशापायी लावून घेतोस?"

सुहासला जहाजावरचा एक दिवस आठवला. वडील, भिकाजी, गेले तेव्हा तो भर समुद्रात होता. मातीलाही येता आलं नाही. त्या दिवशी टोमास आपलं काम टाकून त्याच्याशेजारी डेकवर बसून राहिला होता. एक शब्द बोलला नव्हता, फक्त अधूनमधून कॉफी आणून हातात द्यायचा.

"खरं हुतं, आये," तो शेवटी म्हणाला. "पण आख्खा माणूस सांगायचा राहिला. त्यांनी इचारलं न्हाई, आन् मीबी बोललो न्हाई."

चिमाबाईचे हात सुपात थांबले.

हल्ली सुहास तुंगार्लीच्या बंगल्यांची फाटकं आणि खिडक्यांचे गज जोडतो. काम चोख असतं. मधूनच नळीची बातमी येते, नवं नाव पुढं येतं, नवा देश आरोप नाकारतो. मानसी टीव्ही बंद करते. तो तिला अडवत नाही.