निरोप बाकी

आमच्या ह्यांना, काकासाहेबांना, सगळं घनसावंगी कंडक्टरकाका म्हणतं. एसटीतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण नाव काही सुटलं न्हाई. तीर्थपुरीपासून पार अंबडपर्यंत कोणत्या गावात कोणाचं पोरगं शिकलं, कोणाची पोरगी लग्नाला आली, कोणाचं देवक काय, सगळं ह्यांना तोंडपाठ. तिकिटं फाडता फाडता ह्यांनी किती सोयरिकी जुळवल्या त्याची गणतीच न्हाई. रुपया घेत न्हाईत. लग्नात टोपी-उपरणं चढवलं की माणूस खूश. मी म्हणते, दुसऱ्यांचे संसार लावून राह्यले, घरातला नळ गळून राह्यलाय त्याचं काय? तर म्हणणार, "वच्छला, हे पुण्याचं काम हाय." घ्या! पुण्य ह्यांचं अन् बादली माझी.

पण मागच्या दिवाळीत हे तोंडावर पडले. एका पोरीचं स्थळ ह्यांनी चक्क तिच्याच देवकाच्या घरी सुचवलं. आमच्यात एक देवक म्हंजी भाऊबंद, लग्नाचं नावच काढायचं न्हाई. त्या घरचे म्हणले, "काका, तुमचं वय झालं आता." हे दोन दिवस धड जेवले न्हाईत. डोक्यात सगळं होतं, पण एकात एक मिसळायला लागलं होतं.

मंग आमच्या मनीषानं मनावर घेतलं. मनीषा आमची एकुलती एक पोरगी, तीर्थपुरीच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवते. ती म्हणली, "आबा, तुम्ही नुसतं बोला. बाकीचं मी बघते." ह्यांच्या फोनवर तिनं असं काही बसवलं की हे बोलतील ते सगळं एआय ऐकणार, लिहून काढणार, गावानुसार, देवकानुसार, शिक्षणानुसार लावून ठेवणार. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले बायोडाटे आपोआप त्यातच जाऊन बसणार. कॅलेंडरही जोडलं. रोज सकाळी चहाच्या वेळेला फोन सांगणार, आज कोणाला भेटायचं, कोणाला कळवायचं. निरोपाचा मसुदासुद्धा तेच तयार करून ठेवायचं, ह्यांनी फक्त 'पाठवा' दाबायचं.

हे तर लेकरासारखे नादावले. ओट्यावर बसून फोनला तोंड लावायचे अन् चालू व्हायचे, "कुंभार पिंपळगावचं पोरगं, सरकारी नोकरी, स्वभाव तापट, आई चांगली, बाप बिलकुल ऐकून घेत न्हाई." मी म्हणायचे, अहो हळू, गल्ली ऐकून राह्यली! फोन मात्र बराबर लिहून घ्यायचा.

एक गोष्ट मात्र त्या एआयला कळत नव्हती. सोयरिकीच्या कामात नकार कोणी तोंडानं देत न्हाई. पाहुणे येतात, पोहे खातात, पोरगी बघतात, "घरी बोलून कळवतो" म्हणून जातात. पसंत असलं तर आठ-पंधरा दिवसांत निरोप येतो. न्हाई आला की समजून घ्यायचं. मधला माणूसही काही बोलत न्हाई. पोरीच्या बापानं तर दुसऱ्यांदा विचारायचंच नसतं, ते लाचारीचं दिसतं. पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलंय.

अन् एआयनं काय केलं? पाहुण्यांचं उत्तर आलं न्हाई अशी सगळी पोरीवाल्यांची घरं एकाखाली एक लावली अन् वर लिहिलं, 'निरोप बाकी'. हे पोट धरून हसले. "मनीषा, अगं हे बाकी न्हाई, हे संपलंय. तुझ्या यंत्राला सांग."

मनीषा हसली न्हाई. तिनं एवढंच विचारलं, "त्या मुलींना कोणी सांगितलंय का, संपलंय म्हणून?"

हे म्हणले, "त्यात काय सांगायचं? कळतंच की."

मी पोळ्या लाटून राह्यले होते. माझा हात तिथंच थांबला. कारण त्या यादीत एक नाव आमच्याच घरचं होतं.

मागच्या बैलपोळ्याच्या सुमारास धावड्याहून मनीषाला बघायला पाहुणे आल्ते. भोकरदनकडचं घर. सुग्रीव नावाचा पोरगा, त्याची आई तुळजाबाई, सोबत मामा. पोरगं शांत होतं. मनीषा अन् तो मागच्या अंगणात लिंबाखाली बोलत बसले अन् माझ्या पोरीला मी कितीतरी दिवसांनी तसं खळखळून हसताना ऐकलं. जाताना तुळजाबाईनं माझा हात हातात घेतला. "कळवतो" म्हणल्या.

दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. मधी दोन चांगली स्थळं आली. मनीषा दोन्हींना म्हणली, "आधी धावड्याचं कळू द्या." बापाला विचारलं की हे म्हणायचे, "बघू, येईल निरोप." अहो, साऱ्या तालुक्याच्या सोयरिकी करणारा माणूस! ह्याला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. पण स्वतःच्या लेकीला सांगायला जीभ उचलत नव्हती. अन् खरं सांगू, मलाही वाटायचं, चुकून आलाच तर? क्लासातून आली की पोरगी आधी फोन बघायची, मंग चप्पल काढायची.

होळीच्या आधीची गोष्ट. सकाळी हे चष्मा पुसत फोन बघून राह्यले होते अन् एकदम उठूनच उभे राह्यले. चहा सांडला धोतरावर. "वच्छला! घात झाला."

धावड्याला निरोप गेल्ता. ह्यांच्या नावानं, ह्यांच्याच फोनवरून. 'नमस्कार. आमच्या मनीषाला आपण पाहून गेलात. आपला विचार अजून कळला नाही. हो असो वा नाही, कृपया कळवावे. आपला, काकासाहेब.' खाली दोन निळ्या खुणा. त्यांचा वाचून झाल्ता.

मी कपाळावर हात मारला. पोरीच्या बापानं आपण होऊन विचारलं! आता तुळजाबाई चार घरी सांगणार, कंडक्टरकाकाची पोरगी पडून हाय म्हणून बाप मागं लागलाय. लग्नसराई तोंडावर, प्रत्येक मांडवात हेच बोलणं. मंग माझ्या मनीषाला कोण विचारील?

"खोडून टाका ना ते!" मी म्हणले.

"वाचलंय त्यांनी. आता खोडलं तर अजून वाईट दिसंल."

"मंग फोन करा, सांगा चुकून गेलं."

"काय सांगू? मशीननं विचारलं म्हणून?" हे चिडले. "म्हणत होतो मी, हे आपल्याला झेपणारं न्हाई. ह्या पोरीच्या यंत्रानं इज्जत घेतली माझी!"

मनीषा तवर क्लासला गेल्ती. तिला फोन करायचीही हिंमत होईना. मी भाजी चिरायला घेतली अन् चिरलेली तशीच ठेवली. हे ओट्यावरून घरात, घरातून ओट्यावर. फोन कोनाड्यात ठेवायचे, पुन्हा उचलायचे. वाजला की दोघंही दचकायचो. एकदा बँकेचा निघाला, एकदा माझ्या भावाचा. भावाला मी उगाच झापलं. मनात आलं, समजा हो म्हणले तर? त्यांच्याकडूनच राहून गेलं असंल तर? लगेच वाटलं, गप बस वच्छला, नको त्या आशा लावू.

दुपारी तुळजाबाईचा फोन आला. ह्यांनी फोन माझ्यापुढं सरकवला, मीच स्पीकर लावला.

"काकासाहेब, राम राम," त्या म्हणल्या. आवाज गोडच होता. "अहो, सुग्रीवचं तर जमलं. दिवाळीतच सुपारी फुटली, अक्षय तृतीयेला लगीन हाय. आम्हाला वाटलं तुम्ही समजून घेतलं असंल."

हे चष्मा काढून पुसायला लागले.

"तुम्ही एवढे जाणते माणूस," त्या बोलत होत्या. "माझ्या जावेच्या पोरीच्या वेळंला तुम्हीच सांगितल्तं ना, निरोप आला न्हाई म्हंजी समजायचं, विचारत बसायचं न्हाई. तुमच्या पोरीत काही कमी न्हाई हो. गुणाची हाय. पत्रिका पाठवते, या लग्नाला."

हे "हो, हो" म्हणले अन् फोन ठेवला. भिंतीला टेकून बसले. मला रडू आलं, अन् रडताना रागही आला, कोणावर ते मात्र कळंना.

दिवस मावळायला मनीषा आली. आज तिनं फोन बघितला न्हाई, सरळ बापासमोर येऊन उभी राह्यली. ह्यांनी तोंड उघडलंच, "हे तुझं यंत्र आत्ताच्या आत्ता बंद कर. मला न विचारता..."

"यंत्रानं न्हाई पाठवलं, आबा," ती म्हणली. "त्यानं मसुदा कव्हाचाच करून ठेवलाय, तुम्ही दाबायची वाट बघत होतं. तुम्ही दाबत नव्हता. सकाळी मी दाबलं."

ह्यांनी फोन उचलून तो निरोप पुन्हा बघितला.

"मला कळायला पाहिजे होतं," ती म्हणली. "रोज सकाळी तो फोन मला सांगतो, निरोप बाकी. अन् रोज तुम्ही म्हणता, येईल. आला का निरोप?"

अन् बघा माणसाची सवय! हे म्हणतात कसे, "बघू, ते म्हणले..."

"अहो सांगा की!" मी ओरडलेच. "किती दिवस त्या लेकराला टांगून ठेवायचं? न्हाई म्हणल्या, मनीषा. त्या पोराचं दिवाळीतच जमलं. न्हाई म्हणल्या."

मनीषा खाली बसली. ओढणी तोंडाला लावून रडली, चांगली हुंदके देऊन रडली. मी पाठीवरून हात फिरवत होते. किती वेळानं उठली, नळावर गेली, तोंड धुतलं अन् म्हणली, "आई, वाढ मला. सकाळपासून काही खाल्लं न्हाई."

ती जेवली. पोटभर जेवली. ते बघून मला जरा हायसं वाटलं.

हे मात्र ताटावर बसले न्हाईत. मनीषाचं झाल्यावर म्हणले, "पोरी, ती यादी काढ. बाकीवाली."

तिनं काढली. पहिलंच नाव तीर्थपुरीच्या उषाबाईचं होतं. त्यांच्या साधनाला ह्यांनी परतूरचं एक मोठं स्थळ दाखवल्तं. त्या लोकांनी नंतर तोंडच दाखवलं न्हाई अन् ह्यांनीही पुढं काही कळवलं न्हाई. ह्यांनी तिथंच फोन लावला. उभ्यानंच.

"उषाबाई, काकासाहेब बोलतोय. आपल्या साधनाचं ते परतूरचं स्थळ... त्यांची पसंती न्हाई आली. मी तुम्हाला तव्हाच सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

स्पीकर चालूच होता, आम्ही तिघंही ऐकून राह्यलो होतो.

"बरं झालं भाऊ, सांगितलं," उषाबाई म्हणल्या. "मी दोन उन्हाळे झाले, दारात आलेल्या सगळ्या स्थळांना न्हाई म्हणून राह्यले. म्हणलं, कंडक्टरकाकाचा निरोप यायचा हाय."