रंगनाथमामांनी नापास केलेल्या गाड्या

रंगनाथमामा जुनी मोटार पाहायला गेले की आधी बॉनेटवर तळहात ठेवत. गरम लागलं की मालकाशी चकार शब्द न बोलता माघारी फिरत. "आपण यायच्या आधीच तापवून ठेवली. थंडीत सुरू होत नसणार, दुसरं काय," हे आम्हाला रस्त्यात कळायचं. इंजिन ते अगदी शेवटी पाहत. त्याआधी मागच्या चाकांशी उकिडवे बसून विचारत, "हिनं आजवर काय ओढलं?"

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. हैदराबादेत तारनाक्याला आमच्या शेजारी राहत. सरकारी मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मूलबाळ नाही. दोन्ही वेळचा चहा आमच्याकडेच. साखर कमी पडली तर माझ्या बायकोला, सुमतीला, हक्कानं सांगत.

हैदराबाद राज्य मोडून मराठी जिल्हे मुंबईला जोडायचं ठरलं, तेव्हा जामबागेत माझा छापखाना होता. मराठी गिऱ्हाईक एकेक करून औरंगाबादची वाट धरू लागलं. इथे माशा मारत बसण्यापेक्षा आपणही जावं, असं मी ठरवलं. तिथली जागा दिवाळीपर्यंतच माझ्यासाठी राखलेली होती. यंत्रं न्यायला लष्कराच्या लिलावातला एक ट्रेलर मिळाला. त्याला पुढची चाकंच नव्हती. त्याचं तोंड ट्रकच्या पाठीवरच्या गोल लोखंडी तबकडीवर टेकायचं. एवढं ओझं पेलणारा जुना ट्रक शोधायचा, आणि तो मामांनी पास करायचा.

आम्ही सहा ट्रक पाहिले. पाय मोडून आले माझे.

"ही नक्को."

"आता हिला काय झालं, मामा?"

"चढावर ओढेल रे, केशव. ओढायला काय, बैलपण ओढतो. उतारावर मागचं धूड अंगावर येईल, तेव्हा काय करशील?"

कुकटपल्लीकडच्या एका भातगिरणीत बॉनेट थंड असलेला ट्रक भेटला. मामा दोनदा खाली सरपटून आले आणि म्हणाले, "चेसिसला तडा आहे."

"कुठे?"

"तुला नाही दिसायचा."

दसरा उलटला आणि माझा संयम सुटला. चहा घेता घेता मी म्हणालो, "मामा, आम्ही जाऊच नये असं तुम्हाला वाटतंय. तसं सरळ सांगा ना." सुमतीनं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मामांनी बशीतला चहा संपवला, "हौ, उद्या जाऊ," म्हणाले आणि उठून गेले. त्या दिवशी ते संध्याकाळच्या चहाला आले नाहीत. मला वाईट वाटलं, पण मी बोलवायलाही गेलो नाही.

दुसऱ्या दिवशीचा ट्रक रंगानं नवा आणि ब्रेकनं म्हातारा होता. मामा म्हणाले, "घे. ब्रेक मी बांधून देतो. पण सोबत मी येणार."

तीन दिवस आम्ही रांगत रांगत गेलो. चाकाखाली सरकवायची लाकडाची ओट पायाशी घेऊन मामा दाराकडे बसले होते. उतार आला की खाली उडी. मांजरसुंब्याचा अख्खा घाट हा साठी उलटलेला माणूस ट्रेलरच्या चाकाशेजारून चालत उतरला. ड्रायव्हर जरा जोरात सुटला की "हल्लू, बाबा, हल्लू," असं ओरडत. औरंगाबादेत पोचलो तेव्हा त्यांच्या पायात चपला शिरत नव्हत्या. यंत्राचा एक खिळाही हलला नव्हता. सुमतीनं गरम पाण्याचं घमेलं आणून पुढे ठेवलं, तर म्हणाले, "आधी चहा."

"इथंच राहा आता," आम्ही दोघांनी विनवलं. नाही म्हणाले. बायकोला जिथं पोचवलं ते गाव सोडवत नाही म्हणाले.

हैदराबादला परतायला काचीगुड्याच्या गाडीत मी त्यांना बसवून दिलं. खिडकीच्या गजांना धरून, माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "भातगिरणीच्या ट्रकला काही झालं नव्हतं रे. तडाबिडा काही नव्हता. तू बोललास ना, त्याच संध्याकाळी मी तिकडे जाऊन आलो. विकला गेला होता."

मी इतका थकलो होतो की राग यायलाही अंगात त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर राग आलाच नव्हता. गाडी हलली. एवढंच सांगायचं राहिलं, की रागावलो नाही म्हणून. पत्रात लिहू म्हटलं. नवी जागा, नवी गिऱ्हाइकं, यात ते पत्र रोज उद्यावर जात राहिलं. संक्रांतीनंतर तारनाक्याहून कार्ड आलं. मयताची बातमी कळवताना फाडतात तसा त्याचा वरचा कोपरा फाडलेला होता.