गार हात

दूर उत्तरेकडच्या त्या परदेशी किनाऱ्यावर जूनमध्येही वाऱ्याने बोटं बधिर व्हायची. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांवर पीएच.डी. करायला मी तिथे गेलो होतो. तुतवार पक्ष्यांच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या पायात ओळखीची कडी घालायची, वजन करायचं आणि सोडायचं, एवढंच काम.

सोबत इंगा असायची. साठीची, त्याच गावची, कितीतरी उन्हाळे हेच करत आलेली. पिल्लू उचलण्याआधी ती दोन्ही हात कोटाच्या आत, काखेत धरून उभी राहायची. मला ते उगाच वेळ घालवणं वाटे.

एकदा मी घाईने गार हातांनीच पिल्लू उचललं. कडी बसेपर्यंत त्याची मान कलली. इंगाने ते माझ्याकडून घेतलं आणि ओंजळीत धरून कोटाच्या आत, गळ्याशी नेलं. त्याची आई गवतात हाका मारत फिरत होती.

"जगेल?" मी विचारलं.

"बघू."

अभ्यास करणाऱ्याने अलिप्त असावं, असं मी शिकलो होतो. इंगाही अलिप्तच होती. तिने पिल्लाला गोंजारलं नाही की मला बोल लावला नाही. आपल्या अंगाची ऊब तेवढी दिली आणि वाट पाहिली.

बऱ्याच वेळाने कोटातून बारीक आवाज आला. तिने पिल्लू खाली ठेवताच ते आईकडे पळालं.

"वजन किती?" तिने विचारलं.

घ्यायचं राहूनच गेलं होतं.

"मग रकाना कोरा ठेव," ती म्हणाली.

माझ्या वहीत तेवढी एकच ओळ अर्धी आहे. ती चुकीची आहे, असं मला कधी वाटलं नाही.