शेंगा फोडायचं यंत्र आणि पुरणपोळी

झाशीच्या आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी इंजिनिअर कसा घडवतात, ते सांगते. आधी प्रोजेक्ट करायचा, म्हणजे दुकानातून तयार आणायचा. मग बाहेरून परीक्षक येतात, त्यांना पोटभर खाऊ घालायचं. झाला इंजिनिअर!

मी मात्र अतिशहाणी. भुईमुगाच्या शेंगा फोडायचं, हाताने फिरवायचं यंत्र खरोखरच बनवायला घेतलं. ग्रुपमधले दोघे सरकारी नोकरीच्या परीक्षांमागे लागलेले, म्हणजे मला रान मोकळं. जवळच्या चिरगाँवहून शेंगांचं पोतं बसच्या टपावर टाकून आणलं. दाणे चुरडायचे, टरफलं उडायची, आणि नगरा भागातल्या आमच्या घरात आई दिवसभर केर काढत मला शिव्या घालायची. पण वर्ष सरता सरता दाणा अख्खा बाहेर पडायला लागला. त्या दिवशी मी अंगणात एकटीच नाचले.

एवढा जीव टाकायला कारणही तसंच होतं. मला नोकरीसाठी पुण्याला जायचं होतं आणि बाबांची ना. बाबा इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर. स्वतः महाराष्ट्र सोडून इतक्या लांब आले, पण मुलीनं झाशी सोडायची म्हटलं की यांचं डोकं दुखायचं! खूप वाद झाले तेव्हा म्हणाले, "बाहेरचे परीक्षक तुझं काम चांगलं म्हणाले, तर जा."

परीक्षेच्या आदल्या दिवशी विभागप्रमुखांनी बोलावलं. मला वाटलं, यंत्राबद्दल विचारणार.

"बेटा, एक्सटर्नल सर भी मराठी हैं, आप भी मराठी. घर से पूरनपोली आ जाए तो?"

परीक्षकांचं आडनाव वाचून हा शोध लागला होता. आई पहाटेपासून पुरण वाटत बसली. मी स्वागताची मराठी वाक्यं घोकली, कारण आमचं मराठी घरापुरतं, बाहेर पाऊल टाकलं की हिंदी. सर आले. मी हात जोडून म्हटलं, "नमस्कार सर, प्रवास कसा झाला?"

सर गोंधळले. "अरे बेटा, मराठी तो हमारी दादी बोलती थीं. हम तो ग्वालियर के हैं." मग डब्यात डोकावून म्हणाले, "मीठा पराठा है?" आणि वर लोणचं मागितलं. पुरणपोळीवर लोणचं! आई तिथे नव्हती हे नशीब.

मीठा पराठा मात्र सरांना भलताच आवडला. माझं यंत्र त्यांच्या पाठीमागे शेंगा भरून तयार. मी धीर करून विचारलं, "सर, चलाकर दिखाऊँ?"

"हाँ-हाँ, देख लिया."

मान न वळवता! दिव्यदृष्टीच म्हणायची. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बहुत होनहार बच्ची है." गुण सगळ्यांना सारखे, दुकानातून आणलेल्यांनाही.

विभागप्रमुखांनी हे कौतुक बाबांना फोन करून कळवलं. मी यंत्र ई-रिक्षात घालून घरी पोचले, तर बाबा दारातच. "परीक्षक फार चांगलं म्हणाले म्हणे! आता तुला अडवून कसं चालेल?"

गप्प बसले असते तर पुणं पदरात पडलं असतं. पण माझं टाळकं सरकलेलं.

"त्यांनी यंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही, बाबा! आईच्या पुरणपोळीला चांगलं म्हणाले ते. मग आईलाच पाठवा पुण्याला!" असं ओरडले आणि ढसाढसा रडले.

बाबांनी दारातल्या यंत्राकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "आण ते आत."

ऑफिसच्या पँटमध्येच ते फरशीवर बसले. दांडा फिरवला, दाणे चिमटीत धरून पाहिले, जाळी काढून पुन्हा बसवली. एवढंच अंतर का ठेवलंस, हाच पत्रा का घेतलास, असे एकामागून एक प्रश्न. मी नाक ओढत उत्तरं देत होते. आई दोनदा जेवायला बोलावून गेली, कुणी उठलं नाही.

"दांडा जड जातोय," शेवटी ते म्हणाले. "दिवसभर फिरवणाऱ्या बाईचा खांदा मोडेल. तिचा विचारच केला नाहीस तू. गिअर चुकलाय."

वर्षभरात माझ्या कामात चूक काढणारा तो पहिला माणूस. मला इतकं बरं वाटलं की मी रडता रडता हसायला लागले.

"हसू नकोस. नीट कर, मग खुशाल जा पुण्याला."

नीट करायला बरेच दिवस लागले. रोज कारखान्यातून आले की बाबा आधी यंत्रापाशी यायचे, आणि मला पुण्याला जायची घाई पहिल्यांदाच वाटेनाशी झाली.