आधी साफ करा

जबलपूरच्या एका कारखान्यात मी सैन्याच्या उपकरणांचे सर्किट बोर्ड तपासते. एक युनिट सारखं परत येऊन राहिलं होतं. तिकडे जवानांकडे बंद पडायचं, आमच्या टेबलावर मात्र नीट चालायचं. साहेब म्हणायचे, "त्यांना वापरताच येत नाही." मला चीड यायची.

आमच्याकडे आलेली वस्तू आधी ब्लोअर मारून साफ करायची, मगच तपासायची, अशी पद्धत. या वेळी मी ब्लोअरवाल्याला अडवलं, "रुको भैया, हात मत लगाना." न पुसताच युनिट सुरू केलं, तर ते इथेही बंद! तिरपा दिवा धरून भिंगातून पाहिलं. हल्ली पिनांना शिसं न मिसळता नुसत्या कथलाचा मुलामा देतात आणि त्यातून कधी कधी आपोआप तंतू वाढतात. तसाच केसाहून बारीक एक तंतू शेजारच्या पिनेला टेकला होता. शॉर्ट सर्किटला तेवढं पुरतं.

मी साहेबांना बोलावलं. ते भिंगावर वाकले, "किती धूळ आहे हो," म्हणाले आणि सवयीने जोरात फुंकर मारली.

तंतू उडाला. युनिट सुरू झालं.

"बघा," साहेब म्हणाले, "चालून तर राहिलं!"