मालकांची ओळ

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी यंत्रमागांचं सॉफ्टवेअर लिहितो, आणि हाताखालच्याला रडवल्याशिवाय मला जेवण जात नसे. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी एक मुलगी सहा महिन्यांच्या बोलीवर आली होती. घरी तेलुगू, बाप भवानी पेठेत दुसऱ्याच्या मागावर उभं राहून म्हातारा झालेला. नोकरी पक्की झाली की त्याला घरी बसवायचं, एवढंच तिच्या डोक्यात. तिनं लांबी, रुंदी, किनार अशी चौदा सेटिंगं एकाच फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच तुकड्याच्या, तोंडात कोंबली होती. मी सगळ्यांसमोर हसलो. मग शहाणपणा शिकवला: प्रत्येक बदलाचं एक छोटं फंक्शन करायचं. त्यानं हातात आलेली सेटिंगं घ्यायची, आपला तेवढा बदल करायचा, पुढच्याकडं द्यायची. सगळ्यात शेवटी जो हात लावेल त्याचं खरं.

शेवटच्या ओळीत मी मालकांच्या सेटिंगांची फाइल घ्यायला सांगितली. आमच्याकडं मालकांच्या शब्दापुढं कोण बोलतंय? ती बोलली. मालकांची आधी घेऊ, मागावरच्या कामगारानं भरलेली शेवटी. टॉवेल त्याच्या डोळ्यांसमोर असतो, म्हणाली.

"तुझ्या बापाचा माग न्हाय हा," मी म्हणालो. सगळे हसले. तिनं मी सांगितलं तसंच लिहिलं.

मालकांच्या फाइलीत नॅपकिनची लांबी पडून होती. कामगारांनी मोठ्या टॉवेलची लांबी भरली, ती पुसली गेली, आणि कुणाच्या ध्यानात येईपर्यंत अख्ख्या पाळीचा माल आखूड निघाला. मालकांनी विचारलं, हे कुणी लिहिलं. लिहिलं होतं तिनंच. मी तिच्याकडं बोट केलं. मी पुढं काहीतरी बोलेन म्हणून ती माझ्याकडं बघत राहिली. मी फोन बघत बसलो. मालकांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

संध्याकाळी डबा पिशवीत घालून ती माझ्या टेबलापाशी आली.

"सर, मालकांची ओळ वर घ्या. न्हायतर उद्याची पाळीबी आखूड जाईल."

मला तिचा संताप आला. जाताजाता शिव्या तरी घालायच्या की. ती गेल्यावर मी ती ओळ वर घेतली. तिचा बाप अजून मागावरच आहे, असं ऐकतो.

आता नवीन पोरं आली की मी त्यांना सांगतो, शेवटचा शब्द मागावर उभा असलेल्याचा. सर लई भारी बोलले, म्हणतात, आणि वहीत उतरवून घेतात.