लंडनचा बुधवार आमच्या ग्रामसभेत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण हे सांगताना मला अजूनही धक्का बसतो आणि मधेच कुणी हसलं की पुढचं आठवत नाही.

मी तालुक्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. बायको सुशीला गावची सरपंच. गाव कामरगावपासून जीपनं अर्ध्या तासावर. ती निवडून आली त्याला दोन वर्षं झाली. पण ग्रामसभेत उत्तरं कोण देणार? मीच. ती खुर्चीवर बसायची, मी शेजारी उभा राहून बोलायचो. वाटायचं, बिचारीला मदत होते आपली.

तर सव्वीस जानेवारीची ग्रामसभा. शाळेचं पटांगण, बाबासाहेबांच्या फोटोला हार. ग्रामसेवक म्हणाले, "सर, संविधानावर दोन शब्द बोला." दोन शब्दांत थांबेल तो मास्तर कसला? मी थेट लंडन गाठलं.

"तिथं दर बुधवारी पंतप्रधानाला स्वतः उभं राहून संसदेत उत्तरं द्यावी लागतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष संसदेत बसत नाही, पण त्याच्या माणसांना समित्या बोलावतात आणि शपथेवर विचारतात. जर्मनीत प्रमुखाला हटवायचं तर त्याच मतदानात नवा निवडावा लागतो. आणि आपण? आपण प्रश्नच विचारत नाही. विचारा ना."

टाळ्या पडल्या. मी खूश.

मग शेवटच्या रांगेतून वच्छलाबाई उठल्या. वय पासष्टीचं, अजून मजुरीला जातात. ग्रामसभेत त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"सर, तिकडं पंतप्रधान बाई असली, तं तिचा नवरा उत्तरं देते का?"

"नाही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मंग इथं तुमी काहून देऊन राह्यले?"

मला वाटलं, माइक बंद पडला. माइक चालू होता. मीच बंद पडलो होतो.

आता सुशीला सांभाळून घेईल म्हणून तिच्याकडे पाहिलं. ती उठली, माझ्या हातातून माइक घेतला. "तुमी बसा. विचारा मावशी."

"आमच्या वस्तीत नळाले पानी काहून येत नाई?"

या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर होतं, 'प्रस्ताव वर पाठवलाय.' ते ओठांवर येईपर्यंत सुशीला बोलूनही गेली. "रस्त्याच्या कामात पाइप फुटला. त्याच्यासाठी मी तीन डाव वाशीमले जाऊन आली. सोमवारी मानसं येतीन. नाई आली, तं मंगळवारी मले इथंच उभी करा."

तीन डाव वाशीमला? मी समजत होतो, ती धनजला माहेरी जाते.

"मले काहून नाई सांगितलं?" मी हळूच विचारलं.

"तुमी कवा विचारलं?"

एवढ्यावर भागलं नाही. वच्छलाबाईंनी ठराव मांडला, "सरपंचबाईच्या नवऱ्यानं विचारल्याबिगर सभेत बोलू नये." ग्रामसेवक मान खाली घालून भराभर लिहीत होते. "सूचक वच्छलाबाई. मॅडम, अनुमोदक कोण?"

प्रश्न सुशीलेला होता. पण दोन वर्षांची सवय. मी म्हणालो, "लिहा माझं नाव, कशाला वेळ घालवता?"

त्यांनी लिहिलं. वडिलांच्या नावासकट, पूर्ण.